टायरमध्ये लिक्विड घालण्याआधी : पंक्चर, बॅलन्सिंग आणि चोर्ल्याचा रस्ता

खानापूरच्या एका तरुणाने विचारलंय, थोडक्यात असं: "मामा, माझी 150 सीसीची गाडी, दोन्ही चाकं अलॉयची, ट्यूबलेस. आठवड्यातून एकदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून गोव्याला जातो, परत यायला रात्र होते. महिन्यामागं पुढचा टायर बदलला. तेव्हापासून हायवेला 75-80 ला हँडल थरथरायलंय, 90 च्या पुढं जरा कमी वाटतंय. टायरवाला म्हणाला, दोन्ही चाकांत लिक्विड घाल, बॅलन्सिंग पण होतंय आणि पंक्चरचं नावच नाही. बाबांची जुनी स्पोकची, ट्यूबवाली गाडी आहे. तिच्यात पण घालू काय?"

लिक्विड म्हणजे टायरच्या आत सोडायचं, भोक पडलं की आपोआप बुजवणारं द्रावण. आधी उत्तर देतो, मग कारणं. मागच्या चाकात घाल. पुढच्या चाकात आत्ता नको, आधी थरथर का येते ते शोधू. बाबांच्या गाडीत अजिबात घालू नको.

बेळगावात उद्यमबागेच्या रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे, पंचवीसेक वर्षं झाली. आमच्याकडे पंक्चर फार येतात, कारण आजूबाजूला फौंड्री आणि मशीनशॉप. लेथवर पोलाद तासलं की कुरळ्या, धारदार चिप्स निघतात. त्या भंगाराच्या टेम्पोतून सांडतात आणि रस्त्यावर पसरतात. ऊस सुरू झाला की संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्या गाड्यांच्या टायरमध्ये ट्रॉलीचे बोल्ट आणि तारांचे तुकडे निघतात. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा आता कमी मिळतो, पण मिळतो. सौंदत्ती, बैलहोंगलच्या काळ्या मातीकडून आलेल्या गाडीत बाभळीचा काटा ठरलेला. म्हणजे लिक्विड कुठे चाललं आणि कुठे फसलं हे टायर खोलून बघायला मला भरपूर मिळालंय. लिक्विड विकणाऱ्याशी माझं भांडण नाही, मी स्वतःही विकतो. पण "पंक्चरप्रूफ" हा शब्द मी दुकानात कुणाला वापरू देत नाही. तो शब्द ऐकलेला माणूस हवा चेक करायचं सोडून देतो, आणि पुढचं सगळं नुकसान तिथून सुरू होतं.

बाटलीत असतं काय? बहुतेक चांगल्या लिक्विडमध्ये पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण असतं, म्हणजे कूलंटमध्ये असतं तेच. त्यात बारीक तंतू, रबराचे कण, घट्टपणा यावा म्हणून एखादा पदार्थ आणि रिमला गंज लागू नये म्हणून रसायन. ग्लायकॉलमुळे ते लवकर वाळत नाही. भोक पडलं की आतली हवा बाहेर धावते आणि सोबत लिक्विडला ओढते. तंतू भोकात आडवेतिडवे अडकतात, त्यांच्यामध्ये रबराचे कण बसतात आणि बोळा तयार होतो. घरात नळाच्या जोडाला आपण सूत गुंडाळतो ना, तसंच. चिकटपणापेक्षा अडकण्यावर सगळं काम चालतं, हे नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

चाक फिरताना लिक्विड कुठे असतं? 17 इंची चाकाच्या गाडीने 60 चा वेग घेतला की टायरच्या आतल्या बाजूला असलेल्या थेंबावर त्याच्या वजनाच्या नव्वदपट जोर बाहेरच्या दिशेने येतो. त्यामुळे सगळं लिक्विड रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आत, नक्षीच्या मागे, थर होऊन बसतं. खिळा तिथेच शिरतो, म्हणून फायदा होतो. पण याच कारणाने टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिक्विड राहतच नाही. भिंतीला काप गेला तर आत अर्धा लिटर असलं तरी उपयोग शून्य. आणि समजा थोडंफार बंद झालंच, तरी भिंत दर फेरीला वाकते आणि सरळ होते, तिथे बोळा टिकणार नाही. खड्ड्यात आपटून रिम वाकली आणि काठातून हवा निघतेय, तेही लिक्विडचं काम नाही. चोर्ल्याच्या वळणांवर पावसाळ्यात रस्त्याच्या कडा तुटून धारदार दगड वर येतात. तिथे भिंत फाटण्याचा धोका खिळ्याइतकाच असतो, हे तुझ्या रस्त्याचं म्हणून सांगतो.

नक्षीच्या भागात मात्र चांगलं लिक्विड खरंच काम करतं. बाटल्यांवर बहुतेक वेळा 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजतं असं लिहिलेलं असतं. माझ्या हातांनी बघितलेलं सांगतो: काटा, बारीक खिळा, तार, 3 मिलिमीटरपर्यंत, बहुतेक वेळा लागलीच बंद. जाड खिळा असेल आणि तो सरळ शिरला असेल तर बरेचदा बंद होतं, पण 5-10 पौंड हवा गेल्यावर. लेथची चिप मात्र वेगळी. ती गोल भोक पाडत नाही, चिरते. चिरेला दोन टोकं असतात, वजन आलं की ती उघडते, आणि तंतूंचा बोळा तिथून हळूहळू सुटतो. उद्यमबाग आणि मच्छेकडच्या कामगारांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण लिक्विडवर सगळ्यात जास्त भरवसा तेच ठेवतात आणि त्यांच्याच रस्त्यावर ते सगळ्यात कमी चालतं.

आता थरथरीकडे येऊ. तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, आणि टायरवाल्याने सगळ्यात चुकीचं सांगितलं तेही हेच.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं. आधी आकडा बघ. चाकाच्या एका बाजूला 30 ग्रॅम वजन जास्त आहे असं धरू. 40 च्या वेगाला ते चाकाला सुमारे 900 ग्रॅमच्या जोराने ओढतं. 80 ला तोच जोर साडेतीन किलोच्या वर जातो. वेग दुप्पट, जोर चौपट. आणि 80 ला तुझं पुढचं चाक सेकंदाला जवळजवळ 12 फेरे मारतं, म्हणजे हँडलला सेकंदात बारा वेळा साडेतीन किलोचा हिसका. म्हणून गावातल्या गावात काही कळत नाही आणि वंटमुरी घाट उतरून गाडी मोकळी सोडली की हात थरथरतात. 90 च्या पुढे कमी वाटतं हेही बरोबर आहे. टायर, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि चाक मिळून स्वतःची एक थरथरण्याची चाल असते, बाइकच्या चाकाला ती साधारण सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. फेरे त्या चालीशी जुळले की थरथर वाढते, पुढे गेलं की उतरते.

लिक्विडने बॅलन्स होतं हा दावा हवेतून आलेला नाही, त्यामागे खरं तत्त्व आहे. लहानपणी फुगडी बघितली असशील. एक मुलगी अंगाने दणकट, दुसरी काटकुळी. वेग आला की दणकट मुलगी जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि काटकुळी लांब फेकल्यासारखी बाहेरून फिरते. मोकळं सोडलेलं चाक जोरात फिरलं की तेच करतं. ते एक्सलऐवजी आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरायला बघतं, आणि हलकी बाजू बाहेर पडते. आतलं लिक्विड नेहमी सगळ्यात बाहेरच्या जागी धावतं, म्हणजे हलक्या बाजूला. तिथे जाऊन बसलं की दोन्ही बाजू सारख्या. कपडे धुण्याच्या काही मशीनमध्ये ड्रमच्या वर मिठाच्या पाण्याने भरलेलं कडं असतं, ते याच तत्त्वावर चालतं.

पण अट काय? चाक मोकळं हवं आणि फेरे त्याच्या स्वतःच्या थरथरण्याच्या चालीपेक्षा बऱ्याच वर हवेत. मशीनचा ड्रम मऊ स्प्रिंगांवर लोंबकळतो, त्याची चाल अगदी मंद, आणि तो फिरतो त्याच्या कितीतरी पट. बाइकचं चाक रस्त्यावर दाबलेलं असतं आणि त्याची चाल 70 ते 100 च्या वेगाशी जुळते. म्हणजे आपण ज्या वेगाने गाडी चालवतो तिथेच ती रेषा आहे. त्या रेषेच्या खाली उलटं होतं: जड बाजू बाहेर पडते आणि लिक्विडही जड बाजूलाच धावतं. थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. रेषेच्या वर जाऊन लिक्विड जागेवर बसायला लागलं की समोर खड्डा, स्पीडब्रेकर, ब्रेक, आणि ते परत पसरतं. लांबचलांब सपाट रस्त्यावर एका वेगाने तासभर जाणाऱ्या गाडीला फरक पडत असेल. खानापूर ते जांबोटी या रस्त्यावर तसा तास कुणाला मिळालाय?

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. नवा टायर रिमवर नीट बसलेला नसेल, किंवा रिमला आऊट असेल, म्हणजे ती वाकडी फिरत असेल, तर चाक वजनाने वाकडं नसतं, आकाराने वाकडं असतं. लिक्विडला वजन कळत नाही. जी जागा एक्सलपासून सगळ्यात लांब, तिथे ते जमतं. म्हणजे टायरच्या फुगलेल्या जागी आणखी वजन. अशा चाकात लिक्विड घातलं की माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, काल बरी होती. आणि तो खरं बोलत असतो.

तुझी थरथर टायर बदलल्यापासून आहे, म्हणजे दोष टायर बसवताना राहिलाय असं धरून चाल. गाडी मेन स्टँडवर लाव, पुढचं चाक उचलून घे. टायरच्या बाजूला रिमच्या काठाला लागून एक बारीक उठावाची रेघ असते. ती रेघ आणि रिमचा काठ यांतलं अंतर चाकभर सारखं आहे का बघ, दोन्ही बाजूंनी. एखाद्या जागी रेघ रिमच्या आत बुडालेली दिसली तर बीड, म्हणजे टायरचा रिममध्ये अडकणारा काठ, बसलेली नाही. माझ्याकडे अशा तक्रारीच्या ज्या गाड्या येतात त्यांत हेच सगळ्यात जास्त निघतं. हवा पूर्ण सोडायची, दोन्ही काठांना साबणाचं पाणी लावायचं, परत हवा मारायची, बीड टक-टक आवाज करत जागेवर बसते. टायरवर लिहिलेल्या जास्तीत जास्त प्रेशरच्या वर मात्र जायचं नाही. बसत नसेल तर हवा सोडून परत साबण, जोर नको.

रेघ सारखी असेल तर चाक हाताने फिरव आणि फोर्कला एक काडी टेकवून धर. रिम काडीच्या जवळ-लांब होत असेल तर आऊट आहे. अलॉयचा आऊट स्पोकसारखा काढता येत नाही. ठोकून सरळ करून देणारे असतात, पण तडा जाण्याची भीती असते, मी पुढच्या चाकाला ते करू देत नाही. मग हँडल हलवून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग, बघ, एक्सल धरून चाक आडवं हलवून बेअरिंग बघ. टायर बदलताना एक्सल काढलेला असतो, नट कमी आवळला गेला असेल तर तेही कारण असू शकतं. टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेही बघून घे. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. फार जुना माल माथी मारला असेल तर तिथे कळतं.

हे सगळं ठीक असेल तर मगच बॅलन्सिंग. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, ती टायरची हलकी जागा. ती व्हॉल्व्हजवळ यायला हवी, कारण व्हॉल्व्हचं वजन त्या बाजूला असतं. बरेच लोक ठिपका बघतच नाहीत. रिमवर आधी चिकटवलेली वजनं होती का? टायर बदलताना ती निघाली आणि परत लावली नाहीत, असंही होतं.

बाइकचं चाक बॅलन्स करून देणारं मशीन सगळीकडे नसतं, पण पुढच्या चाकाला घरीही जमतं. चाक काढ, एक्सल परत घाल आणि सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर एक्सलची टोकं ठेव. ड्रम ब्रेक असेल तर प्लेट काढून ठेव. चाक हळूच ढकलून सोड. जड जागा खाली येऊन थांबेल. वरच्या टोकाला खडूची खूण कर. परत ढकल. तीनदा तीच खूण वर आली तर तिथे 5 किंवा 10 ग्रॅमचं चिकटायचं वजन लाव, आधी टेपने, आणि चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत कमी-जास्त करत राहा. मग रिम स्वच्छ पुसून पक्कं चिकटव. बेअरिंगच्या सीलमुळे पाच-सात ग्रॅमचा फरक यात कळत नाही, तेवढा राहिला तरी हाताला लागत नाही.

पुढच्या चाकात आत्ता लिक्विड नको म्हणालो त्याचं आणखी एक कारण इथे आहे. लिक्विड घातलेलं चाक स्टुलांवर ठेवलं की लिक्विड नेहमी तळाला येतं. 30 ग्रॅमचा फरक शोधायचा आणि आत पावशेराच्या वर वजन इकडून तिकडे वाहतंय. मशीनवर लावलं तर दर वेळी वेगळा आकडा. एकदा घातलं की बॅलन्सिंगची वाट बंद होते, टायर खोलून धुईपर्यंत. म्हणून आधी वजनं, नंतर लिक्विड. पुढच्या चाकात नंतर घालायचंच असेल तर घाल, पण खिळे मागच्याच चाकाला जास्त लागतात. पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उभा करतं आणि मागचं त्याच्यावर बसतं. मी माझ्या गाडीत फक्त मागे घातलंय.

मागच्या चाकात घालायचं ते असं. आधी टायर बघून घे. गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये घालून फायदा नाही. दुचाकीला 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी खोलीची नक्षी नियमात बसत नाही, आणि रबर पातळ झालं की बोळ्याला धरायला जाडी उरत नाही. आत एखादा खिळा आधीच असेल तर काढून नीट पट्टी मारून घे. जुन्या जखमेवर लिक्विड ओतायचं नाही. गाडी मेन स्टँडवर ठेव, चाक अधांतरी असलं की हवा सोडल्यावर बीड सुटत नाही. व्हॉल्व्ह अगदी तळाला येऊ देऊ नको, बाजूला ठेव. पिन काढ, सगळी हवा जाऊ दे, बाटली खळखळून हलव, कारण तंतू तळाला बसलेले असतात. मग नळीने आत सोड. आपल्या बाइकच्या टायरला साधारण 200 ते 300 मिली लागतं, बाटलीवर तुझ्या मापाचं लिहिलेलं असतं तेवढंच घाल. जास्त घातलं की जास्त संरक्षण असं नाही, जास्त घातलं की जास्त वजन. पिन लावून हवा मार आणि लगेच तीन-चार किलोमीटर फिरून ये, म्हणजे थर सगळीकडे बसतो. दुकानात घालून गाडी तशीच घराकडे उभी केली तर ते तळाला डबकं होऊन राहतं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिलं अर्धा-एक किलोमीटर धप-धप जाणवलं तर घाबरू नको, पण तेवढा वेळ हळू जा.

विकत घेताना बाटली हलवून थोडं बोटांत चोळून बघ. तंतू आणि कण हाताला लागले पाहिजेत, आणि एक मिनिटात वेगळं पाणी सुटता कामा नये. फेस मारायचे डबे येतात, टायर फुगवून देणारे. ते संकटात घरी पोचण्यापुरते. त्यांतल्या काहींमध्ये पेट घेणारा गॅस असतो, म्हणून तसा डबा मारला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांग. मोटारींसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये नियम बदलला, ट्यूबलेस टायर, प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. त्या किटमधलं लिक्विडही पुढच्या दुकानापर्यंत जाण्यासाठीच असतं.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. काही वर्षांमागे एक ओळखीचा दूधवाला मागचा टायर बदलायला आला. दीड वर्षापूर्वी मीच लिक्विड घालून दिलं होतं. तो खूश होता, एकदाही पंक्चर नाही म्हणाला. टायर खोलला तर आत तीन खिळ्यांची टोकं आणि एक चिप. चिपच्या जागी आतलं रबर सुटून नायलॉनचे धागे उघडे पडले होते, ओले, आणि तो भाग अंगठ्याने दाबला तर मऊ लागत होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मागे चाळीस-पन्नास लिटरचे कॅन लावून रोज पहाटे हा माणूस त्या टायरवर यायचा. लिक्विडने त्याला दगा दिला नव्हता, ते आपलं काम करत होतं. चूक माझी होती, घालताना मी त्याला पुढचं काही सांगितलं नव्हतं. पंक्चर झालं की माणूस थांबतो, टायर बघतो. लिक्विडने ते थांबणंच काढून टाकलं होतं. त्या दिवसापासून लिक्विड घालून देताना मी सोबत तोंडी अट घालतो: पंधरा दिवसांनी एकदा चाक हाताने फिरवून नक्षी बघायची, खिळा दिसला तर काढायचा, आणि आठवड्याला हवा मोजायची, सकाळी, गाडी थंड असताना.

खिळा दिसला तर असं कर. ओढून काढ, ती जागा लगेच तळाला आण, फसफस थांबेपर्यंत थांब, मग दोन-तीन किलोमीटर चालवून हवा मोज. टिकली तर घरी ये, आणि त्या आठवड्यात टायर खोलून आतून मशरूम पॅच, म्हणजे दांडा भोकात आणि टोपी आतल्या बाजूला चिकटते तो पॅच, लावून घे. लिक्विड लागलेल्या जागेवर पॅच तसाच चिकटत नाही, आधी धुऊन, वाळवून, घासावं लागतं. म्हणून दुकानात गेल्या गेल्या सांग, आत लिक्विड आहे. न सांगता चाक पुढे केलं की कारागिराच्या अंगावर उडतं आणि पॅच पण सुटतो. तुझ्यासारख्याने गाडीत पट्टीचं किट आणि छोटा पंप ठेवावाच. कणकुंबी सोडलं की चोर्ल्यापर्यंत रात्री उघडं दुकान मिळणं अवघड, आणि मलप्रभेच्या उगमाजवळचा तो पाऊस तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ओल्या रस्त्यावर खिळा जास्त सहज शिरतो, पाणी रबराला चिरायला मदत करतं.

टायर थंड राहतो, ॲव्हरेज वाढतं, टायरचं आयुष्य दुप्पट, असंही सांगतात. हवा बरोबर राहिली तर हे सगळं थोडंथोडं होतंच, लिक्विड असो वा नसो.

बाबांच्या गाडीचं. ट्यूब म्हणजे ताणलेला फुगा. टायरचं रबर जाड असतं, त्याला भोक पडलं की ते खिळ्याला घट्ट धरून ठेवतं आणि खिळा निघाल्यावर आक्रसतं. ट्यूब पातळ आणि ताणलेली, तिचं भोक उलट मोठं होतं. वर टायर आणि ट्यूब चालताना एकमेकांवर घसरतात. खिळा टायरमध्ये रुतून बसलेला असतो आणि ट्यूब त्याच्या टोकावर दर फेरीला चिरत जाते. बाभळीच्या काट्याला लिक्विड चालतं, खिळ्याला नाही. आणि निघालेली हवा स्पोकच्या भोकांतून एकदम बाहेर पडते, हँडल हातात राहत नाही. नंतर त्या ट्यूबला पंक्चर काढायला गेलं तर सोल्युशन धरत नाही, शेवटी ट्यूब टाकावी लागते. त्यापेक्षा चांगली ब्यूटाइलची नवी ट्यूब घाल, ती हवा जास्त दिवस धरते. रिमच्या आतली रबरी पट्टी बदल, स्पोकची टोकं ट्यूबला टोचत नाहीत ना बघ, आणि डिकीत एक जादा ट्यूब ठेव. स्पोकच्या रिमला आतून टेप लावून ट्यूबलेस करून देतो म्हणणारे भेटतील. बाबांच्या वयाचा माणूस चालवतोय, तो प्रयोग त्यांच्या गाडीवर नको.

दोन-अडीच वर्षांनी किंवा टायर बदलताना, जे आधी येईल तेव्हा, जुनं लिक्विड धुऊन टाक. तोवर पाणी उडून ते चिकट गोळे होतात, व्हॉल्व्हची पिन बुजते, आणि हलक्या प्रतीचं असेल तर रिमचा रंग उठलेला दिसतो. धुतलेलं पाणी अंगणात, गटारात, गोठ्याजवळ ओतू नको. काही लिक्विडमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू चाटून जातं आणि दोन दिवसांत मरतं. डब्यात धर, भुशात किंवा मातीत जिरव आणि बांधून कचऱ्यात दे.

या आठवड्यात तू एवढंच कर. चाक स्टँडवर घेऊन ती रेघ बघ आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. मागच्यात लिक्विड घालून घेतलंस तर निघायच्या सकाळी हवा मोजून आकडा लिही, गोव्यात दुसऱ्या सकाळी गाडी थंड असताना परत मोज, आणि खानापुरात आल्यावर पुढच्या सकाळी, गाडी थंड असतानाच, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा एकच गेज वापर, पेट्रोल पंपावरच्या गेजांचं एकमेकांशी जमत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात 3 पौंडांपेक्षा जास्त फरक असेल तर आत काहीतरी आहे असं समज, आणि पुढच्या फेरीआधी टायर खोलायला घेऊन ये.